सुंदरबनाला जायचे, ते कोणत्या हक्काने?

सहलीचा बेत ही आपल्याकडे हिशेबाची बाब समजली जाते. माणसे किती, दिवस किती, गाडीचे आरक्षण कधी उघडते, वाटेत खायला काय न्यायचे, एवढे ठरले की बेत ठरला. 'आपण तिथे जावे की नाही?' हा प्रश्न त्या हिशेबात सहसा येत नाही, आणि बहुतेक ठिकाणांच्या बाबतीत तो येण्याचे कारणही नसते. जुन्या गोव्याला किंवा वेलांकनीला आपण यात्रेकरू म्हणून जातो, महाबळेश्वरला गिऱ्हाईक म्हणून. दोन्हीकडे आपली वाट पाहिली जात असते. परंतु काही जागा अशा आहेत की त्या कुणाची वाट पाहत नाहीत. नाताळच्या सुट्टीसाठी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी यंदा सुंदरबनाचे नाव काढले, तेव्हा हिशेबाच्या आधी दुसरेच प्रश्न पुढे आले. त्यांचा विचार येथे मांडावा असे आम्हांला वाटते.

जागा दूरची आहे खरी. मुंबईहून हावडा गाठायला गाडीने तीस तास लागतात. पुढे सियालदाहून कॅनिंगपर्यंत लोकल, तेथून रस्त्याने गोदखाली, मग होडीने नदीपार गोसाबा. त्यापलीकडे रस्ता असा नाहीच; जे काही आहे ते पाणी, चिखल आणि तिवरांचे रान. १९७३ साली येथे व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, १९८४ साली सुमारे १३३० चौरस किलोमीटर क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८७ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. प्रवाशाने सजनेखालीला परवाना घ्यायचा, नोंदणी झालेला वाटाड्या होडीवर घ्यायचा, ठरवून दिलेल्या खाड्यांतूनच फिरायचे आणि सूर्यास्तापूर्वी परतायचे. निरीक्षणाच्या मनोऱ्यांखेरीज कुठेही पाय उतार करायचा नाही. गाभाक्षेत्र सर्वांनाच बंद.

येथील वेळापत्रक मात्र वनखाते ठरवीत नाही, भरती-ओहोटी ठरवते. उधाण कधी आणि भांग कधी हे आमच्याकडच्या कोळ्याला तिथीवरून कळते. सुंदरबनचा नावाडीही तसाच चंद्राकडे पाहून बोलतो. भरतीला अरुंद खाडीत होडी शिरते, पण प्राणी आत रानात असतात. ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात, मगर उन्हाला येते, हरणे खाली उतरतात आणि त्यांच्या मागावर कधी तो दुसराही उतरतो. सुट्टीच्या तारखा आपण शाळेच्या पत्रकावरून ठरवतो. तिथे त्याबरोबर पंचांगही पाहावे लागते, आणि आपल्या सोयीपेक्षा मोठे असे काही जगात आहे, हे बेताच्या पहिल्याच पानावर मान्य करावे लागते.

'दूरची जागा' हा शब्द आपण फार सहज वापरतो. दूर, पण कुणापासून? भारताच्या बाजूच्या सुंदरबनात शंभरावर बेटे आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक बेटांवर माणसांची वस्ती आहे. सुमारे पंचेचाळीस लाख लोक तेथे राहतात. वसई-विरार शहराच्या कितीतरी पट ही माणसे झाली. त्यांच्या दृष्टीने ती जागा दूर नाही. दूर आहोत ते आपण. मातीचे बांध घालून त्यांनी खारे पाणी थोपवून धरले आहे. खाजणाचा बांध फुटला म्हणजे काय होते हे ज्यांच्या आजोबांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. २००९ च्या मे महिन्यात 'आयला' वादळाने तेथील बांध फोडले, समुद्र भातखाचरांत शिरला आणि पुढे कित्येक हंगाम जमीन खारावलेली राहिली. घरचे कर्ते पुरुष केरळात आणि इतरत्र मजुरीला गेले. २०२० च्या मे महिन्यात 'अम्फान' आले आणि पुन्हा तेच झाले.

रानाचा रिकामेपणाही सर्वस्वी निसर्गाने दिलेला नाही. १९७८ साली दंडकारण्यातील छावण्या सोडून पूर्व बंगालचे हजारो निर्वासित मरिचझापी बेटावर येऊन राहिले. त्यांनी तेथे शाळा काढली, होड्या बांधल्या. हे राखीव वन आहे, असे सांगून १९७९ साली राज्य सरकारने प्रथम त्यांची नाकेबंदी केली आणि मग त्यांना तेथून हुसकावून लावले. किती जीव गेले याविषयी आजही एकमत नाही. होडीच्या कठड्याशी उभे राहून 'काय ही शांतता!' असे उद्गारण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे. वाघासाठी जागा राखणे चूक होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या शांततेची किंमत कुणीतरी भरलेली आहे, आणि ती भरणारे आपण नव्हतो.

या रानाला एक स्वतःचा नीतिनियम आहे, आणि तो सरकारी नियमांहून पुष्कळ जुना आहे. बनबीबी ही रानाची रक्षणकर्ती. तिला हिंदूही मानतात आणि मुसलमानही. तिच्या कथेत धोना नावाचा मधाचा व्यापारी दुखे नावाच्या गरीब पोराला रानात घेऊन जातो. व्याघ्ररूपी दक्षिण राय त्याला सांगतो: पोराला माझ्यासाठी सोड, तुझ्या नावा मधाने आणि मेणाने भरून देतो. धोना पोराला बेटावर टाकून निघून जातो. दुखे बनबीबीचा धावा करतो, आणि ती त्याला वाचवते. या कथेतून गावकऱ्यांनी काढलेला नियम साधा आहे: रानात जायचे ते पोटासाठी, मन स्वच्छ ठेवून आणि शस्त्र न घेता, लागेल तेवढेच घ्यायचे. गरजेने येणाऱ्याला अभय आहे. हावेने येणाऱ्याला नाही.

आता आपले काय? आपण पोटासाठी जात नाही आणि मध लुटायलाही जात नाही. आपण हौसेने जातो. हौस ही गरज की हाव? आमच्या मते प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. हौस म्हणजे हावच, असे म्हणणारा मनुष्य कडक वाटतो, पण त्याचे म्हणणे मानले तर डोंगराकडे पाहण्याचा अधिकार फक्त मोळीविक्याला उरेल. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. डोळ्यांनाही भूक असते, आणि जे आपले नाही, आपल्यासाठी नाही, ते पाहून नम्र होण्याची गरज शहरात राहणाऱ्याला तर फारच आहे. तेव्हा पाहणे ही गरज आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु पाहण्याला जेव्हा 'मिळवणे' चिकटते तेव्हा त्याची हाव होते. 'एवढे पैसे भरले, वाघ दिसला पाहिजे' या वाक्यात धोना बोलत असतो.

हे वाक्य होडीवर सुचत नाही. ते घरी, बेत आखतानाच तयार होते. एका मुक्कामाची सहल आखली की वाघ त्याच दुपारी दिसावा लागतो. मग नावाड्याला बक्षिशीचे आमिष दाखवले जाते, होड्या एकाच वळणावर गोळा होतात, आणि काठावर पाणी प्यायला येऊ पाहणारा प्राणी गलक्याने आत निघून जातो. तीन दिवसांचा बेत असला, आणि मुलांना आधीच सांगून ठेवलेले असले की वाघ बहुधा दिसणार नाही, खंड्या दिसेल, चिखलावर उड्या मारणारे मासे आणि झाडांची वर आलेली श्वसनमुळे दिसतील, तर तीच होडी शांत राहते. म्हणून बेत आखणे हीच या प्रवासातली नैतिक कृती आहे, असे आम्हांला वाटते. तिथे पोचल्यावर ठरवण्यासारखे फारसे उरत नाही.

'पाहिल्याशिवाय प्रेम जडत नाही, आणि प्रेमाशिवाय कुणी रक्षण करीत नाही' असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. आम्ही त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहतो. आपल्या तुंगारेश्वराला वर्षानुवर्षे लोक जातात. प्रेम किती जडले ते ओढ्यातल्या पिशव्या सांगतात. दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. प्रवाशांमुळे नावाडी, वाटाड्ये, स्वयंपाकी यांना काम मिळते, आणि ज्याला होडीवर काम मिळाले त्याला खेकड्यांसाठी चिखलात उतरावे लागत नाही. ही गोष्ट क्षुल्लक नाही. फक्त पैसा कुणाच्या हाती जातो हे पाहावे लागते. कोलकात्याच्या कचेरीत सगळे पैसे मोजून मोकळे होणे सोपे आहे. गावातल्या घरी मुक्काम करणे आणि गावातल्याच माणसाची होडी ठरवणे याला चार पत्रे आणि दहा फोन अधिक लागतात.

खेकड्यांचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. सुंदरबनात वाघाच्या हल्ल्यात जी माणसे दगावतात त्यांत मासेमारीला, खेकड्यांना आणि मधाला गेलेलीच बहुतेक असतात. खेकडा अरुंद खाडीत, काठालगत मिळतो. त्याला भाव चांगला, म्हणून माणूस परवाना असो वा नसो, आत शिरतो. परवान्याशिवाय किंवा गाभाक्षेत्रात मृत्यू झाला तर भरपाई मिळणे कठीण, म्हणून कित्येक घरांनी मृत्यूचे कारणही उघड केलेले नाही. मागे राहिलेल्या स्त्रीवर नवऱ्याला खाणारी असा शिक्का बसतो. अशा विधवांच्या वस्तीची भेट आता काही सहलींच्या कार्यक्रमात असते, मनोरा आणि संग्रहालय यांच्या मधोमध. मदत करायची असेल तर ती अवश्य करावी, पण अर्ध्या तासाच्या वेळेत, गळ्यात कॅमेरा अडकवून कुणाच्या घराच्या पायरीशी उभे राहू नये. दुःख हे पाहण्याचे स्थळ नव्हे.

वसई, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे समजणे अवघड जाऊ नये. रविवारी शहरातून गाड्या येतात, सुरूच्या बनात गाणी लागतात, सोमवारी सकाळी कोळीण जाळे पसरायला जाते तेव्हा वाळूत बाटल्यांच्या काचा असतात. वाळत घातलेल्या बोंबलांसमोर उभे राहून नाक मुरडणारे पाहुणे आपण पाहिलेले आहेत. तेव्हा आपल्याला काय वाटते? पाहुणा येऊच नये असे नाही वाटत. त्याने विचारून यावे, हळू बोलावे, आणि हा किनारा कुणाचा तरी उंबरठा आहे हे ओळखावे, एवढेच वाटते.

राहता राहिल्या तपशिलाच्या गोष्टी. रविवारच्या मिस्साची काळजी आमच्यातील ज्येष्ठांनी पहिल्याच बैठकीत काढली. तो सर्व प्रदेश १९७७ साली स्थापन झालेल्या बारुईपूर धर्मप्रांतात येतो आणि बासंतीला देवालय आहे, त्यामुळे बंगालीत का होईना, मिस्सा मिळेल. थंडीचे दिवस सोडून उन्हाळ्यात जाऊ नये. एप्रिल-मे हा मधाचा हंगाम असतो आणि वादळांचाही. मध घ्यायचा तर गावातून, भावाची घासाघीस न करता घ्यावा. आणि होडी ठरवताना जेवणाच्या यादीतून खेकडा काढून टाकण्यास आधीच कळवावे, कारण होडी निघण्यापूर्वी बाजार झालेला असतो. आमच्या मुलांना खेकडा फार आवडतो. कारण त्यांना जानेवारीत नव्हे, आताच सांगायचे आहे.