साक्षीविना शिखर

पाहणारे कोणी नसताना एखाद्याने "मी केले" म्हणून सांगितले, तर ते आपण का मानावे? शाळेत हा प्रश्न नेहमीचाच. गणिताचे उत्तर बरोबर असते, पण रीत मांडलेली नसते. मुलगा म्हणतो, "सर, तोंडी केलं." त्याचा शब्द मानावा, की गुण कापावेत?

गिर्यारोहणात हाच प्रश्न एकदा फार गंभीर रूपाने उभा राहिला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, पॅटागोनियाच्या पर्वतरांगेत, सेरो तोरे नावाचा ग्रॅनाईटचा सुळका आहे. उंची ३१२८ मीटर. हिमालयाच्या मानाने ती थोडीच. पण सरळसोट कडे, वादळी वारे आणि माथ्यावर साचलेली बर्फाची छत्री यांमुळे जगातील अत्यंत अवघड शिखरांत त्याची गणना होते. १९५९ साली इटलीचे चेझारे माएस्त्री आणि ऑस्ट्रियाचे टोनी एगर वरच्या चढाईला गेले. परतले ते एकटे माएस्त्री. आपण माथा गाठला, उतरताना हिमप्रपाताने एगर यांना ओढून नेले, कॅमेराही त्यांच्याबरोबरच गेला, असे त्यांनी सांगितले.

प्रथम लोकांनी ते मानले. डोंगरावर पंच नसतो. तेथला व्यवहार शब्दावरच चालतो. पुढे शंका निघू लागल्या. १९७० मध्ये माएस्त्रींनी त्यांना उत्तर दिले ते यंत्राने. पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर ओढून नेऊन त्यांनी कड्यात शेकडो बोल्ट ठोकले आणि बर्फाच्या छत्रीखालूनच ते माघारी फिरले. बर्फ हा काही डोंगराचा भाग नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

पण शंका होती ती १९५९ ची! 'मला जमते' हे सिद्ध केल्याने 'मी केले होते' हे कसे सिद्ध व्हावे? २००५ साली त्यांनी सांगितलेल्या बाजूने चढलेल्या तिघांना वरच्या भागात त्यांची एकही खूण आढळली नाही. २०१२ मध्ये दोघा तरुणांनी १९७० च्या बोल्टांपैकी शंभराहून अधिक उपटून काढले. कडा पुष्कळसा मोकळा झाला, प्रश्न मात्र तसाच राहिला. माएस्त्री २०२१ मध्ये वारले. एगर यांच्या मरणाची हकीकतही त्यांच्या एकट्याच्या शब्दावरच उभी आहे.

माझा कल शंकेकडे आहे. तरीही मन कचरते. समजा, माणूस खरा असता आणि कॅमेरा खरोखरच बर्फात गेला असता, तर तोही इतकाच असहाय ठरला असता.

एका मुलाचे गुण मी असेच कापले होते. दुसऱ्या दिवशी त्याने तसलेच गणित सर्वांसमक्ष फळ्यावर सोडवून दाखविले. त्याला ते येत होते, एवढे कळले. परीक्षेत त्याने स्वतः केले होते का, हे मला आजही माहीत नाही. गुण मी परत दिले. पण त्यानंतर तो आपणहून माझ्याशी कधी बोलला नाही.

शब्द देणाऱ्याने प्रश्न न चिडता सोसावेत, हे खरेच. पण शंका घेणाऱ्यालाही आपली शंका चुकीची ठरू शकते, हे ओझे जन्मभर वाहावे लागते. ते वाहायची तयारी असेल, तरच त्याने तोंड उघडावे.