उत्तर आधी कोणी वाचले?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला मात्र त्या कोडची एक साधी बाजू फार मोलाची वाटते. मुलाने कोड स्कॅन केला की जे काही उघडायचे, ते शिक्षकाने आधी पाहिलेले, पारखलेले असायचे. बालभारतीच्या पुस्तकामागे अभ्यास मंडळ असते, वर्तमानपत्रामागे संपादक असतो, ग्रंथालयातल्या कपाटामागेही निवड करणारा कोणीतरी असतो. मुलाच्या हाती पडणारा मजकूर त्याच्या आधी एखाद्या मोठ्या माणसाच्या नजरेखालून गेलेला असतो, हे आपण इतके गृहीत धरले होते की ते कधी बोलूनही दाखवले नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि हे गृहीतक संपले. एआयचे उत्तर कुठल्या कपाटात ठेवलेले नसते, ते विचारल्यावर तयार होते. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर शब्द बदलतात, कधी मुद्देही बदलतात. त्या उत्तराचा जगातला पहिला वाचक म्हणजे ते विचारणारे मूल. मुलांच्या सुरक्षिततेची सगळी चर्चा मला इथून सुरू करावीशी वाटते. वयाची अट, पासवर्ड, फिल्टर यांना आपापली जागा आहे. पण जे कोणीच आधी वाचलेले नाही, ते वाचताना मुलाच्या शेजारी कोण आहे, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. क्लास सुटलेली मुले व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रकल्पाची फाइल पाठवतात, दुकानदार प्रिंट काढतो, स्पायरल घालून देतो. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयाच्या तीन वेगवेगळ्या मुलांच्या प्रती मी तिथे शेजारी शेजारी पडलेल्या पाहिल्या. तिन्हींचा शेवटचा परिच्छेद जवळजवळ एकच होता, आणि मार्च उजाडला की नळाला किती दिवसांआड पाणी येते हे ठाऊक असलेल्या या शहरातल्या मुलांच्या प्रकल्पात सोलापूरच्या नळाचा उल्लेखही नव्हता. पण मुलांना दोष देऊन भागणार नाही. प्रकल्प जमा केला की गुण मिळतात आणि त्यावर कोणी एकही प्रश्न विचारत नाही, ही सवय त्यांना मोठ्यांनीच लावली आहे. गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांनी हे काम कितीतरी वर्षे केले. एआयने ते फुकट आणि क्षणात होईल असे केले.

‘मग बंदीच घाला’ असे म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांची काळजी खरी आहे. पण बंदीने सर्वांत आधी कोणाचे नुकसान होईल ते पाहिले पाहिजे. शहराच्या पूर्व भागात किंवा विडी घरकुल वसाहतीत असंख्य घरांत बोलणे तेलुगूत, शाळा मराठीत आणि विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत असा व्यवहार चालतो. घरी अपूर्णांक समजावून सांगणारे कोणी नाही, क्लासची फी परवडत नाही. अशा मुलीला न कंटाळता, न रागावता तीच रीत दहा वेळा, सोप्या भाषेत सांगणारे साधन मिळाले तर ते तिच्या हातून काढून घेण्याचा आपल्याला काय अधिकार? शिकवणी लावलेल्या मुलाचे बंदीने काहीच बिघडणार नाही. आणि त्या साधनासोबत एकटे सोडले तर फटका बसणार तोही याच मुलीला, कारण चुकीचे उत्तर पकडणारे घरात कोणी नाही. म्हणून बंदी आणि मोकळीक या दोन्ही वाटा मला जबाबदारी टाळणाऱ्या वाटतात.

कायद्याने ही जबाबदारी पालकांच्या संमतीवर सोपवली आहे. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा, १८ वर्षांखाली पालकांची परवानगी हवी. युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी १३ वर्षांची मर्यादा सुचवली. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. हे सगळे योग्यच आहे. पण आपल्याकडे अनेक घरांत एकच फोन असतो, तो वडिलांच्या नावावर असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडले की मेटा एआयचे ते रंगीत वर्तुळ समोरच असते. मुलाने वेगळे खाते काढायची गरजच पडत नाही. ज्या आईला पडद्यावरचे वाचता येत नाही, तिच्या अंगठ्याला संमती म्हणणे मला पटत नाही. तिथे शाळेने, वस्तीतल्या अभ्यासिकेने, शिकलेल्या शेजाऱ्याने शेजारी बसायला हवे.

शेजारी बसून करायचे काय, याचे एक उदाहरण ओळखीच्या एका शिक्षिकेने दिले. सातवीतल्या मुलीने ‘माझी आई’ हा निबंध एआयकडून लिहून आणला होता. भाषा शुद्ध, एक खोड नाही. त्यातली आई पहाटे उठून देवापुढे दिवा लावत होती आणि मुलीला गोष्टी सांगून झोपवत होती. मुलीची आई विड्या वळते. बाईंनी वही खाली ठेवली आणि एवढेच विचारले, “यात तुझी आई कुठं आहे गं?” मुलगी म्हणाली, “मॅडम, ती तसलं काही करत नाही. निबंधात काय लिहू तिचं?” मग बाई विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. मांडीवरचे सूप, भिजवलेली तेंदूची पाने, पत्र्याचे माप ठेवून कात्रीने ती कशी कापतात, दोरा ओढून बोटावर पडलेला वळ, आणि मोजणी करताना मध्येच कोणी बोलले तर आईचा चढणारा आवाज. हेच तिने वहीत लिहिले. चार-पाच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले. ते दाखवायला मात्र बाईंनी एआयचाच वापर केला, आणि कोणती दुरुस्ती घ्यायची ते मुलीला ठरवू दिले.

या मुलीने आळसाने नक्कल केली नव्हती. आपली आई निबंधाच्या लायकीची नाही, असे तिला वाटत होते. एआय पुढचा शब्द निवडते ते आधी ज्या मजकुरावर ते घडले त्याच्या वळणाने. ज्यांच्याविषयी फार लिहिले गेले त्यांचे चित्र ठळक येते, ज्यांच्याविषयी लिहिलेच गेले नाही त्यांच्या जागी भलतेच कोणी उभे राहते. हे मुलांना सांगून समजणार नाही, करून बघितले की समजते. सोलापूरच्या वर्गात यासाठी विषय हाताशी आहे. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. मुलांनी एआयला याबद्दल खोदून विचारावे, उत्तर वहीत उतरवावे आणि एकेक वाक्य ग्रंथालयातल्या पुस्तकाशी ताडून पाहावे. जे जुळले त्यावर बरोबरची खूण करावी, जे जुळले नाही त्याखाली रेघ ओढावी. ज्याचा आधार सापडत नाही तेही वेगळे नोंदवावे. यंत्राची वही तपासायला मिळालेले मूल त्याच्या पुढच्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही.

याहून नाजूक गोष्ट मनाची आहे. ही साधने गोड बोलतात. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती वाजवीपेक्षा जास्त हांजी हांजी करते म्हणून ओपनएआयला ती मागे घ्यावी लागली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या आईवडिलांनी सोळा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर कंपनीवर दावा लावला, आणि पुढच्याच महिन्यात पालकांसाठी नियंत्रणाची सोय आली. रात्री एकटे जागणाऱ्या मुलाला आपले ऐकून घेणारे कोणीतरी हवे असते. ते ऐकणे घरात मिळत नसेल तर ते फोनमध्ये शोधले जाईल. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असावा, आणि तिथे माणूस बोलतो हेही मुलांना सांगितलेले असावे.

फोटोंचेही तसेच. २०२५ मध्ये आधी एआयने बनवलेल्या घिब्ली शैलीतल्या चित्रांची आणि सप्टेंबरात साडीतल्या फोटोंची लाट आली, तेव्हा घरोघरच्या मुलींचे चेहरे हौसेने अपलोड झाले. तीच तंत्रे वापरून वर्गमैत्रिणीचे अश्लील चित्र बनवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खालचा गंभीर गुन्हा आहे, हे मुलग्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मुलींना त्याहून वेगळी गोष्ट सांगायला हवी. तक्रार केली तर फोन जाईल, क्लास बंद होईल, कदाचित शाळाही सुटेल, या भीतीने मुली गप्प बसतात. ही भीती काल्पनिक नाही, तसे घडते. म्हणून काही घडण्याच्या आधीच घरातल्यांनी म्हणायला हवे की तू सांगितलेस तर तुझे शिक्षण थांबणार नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर तक्रारीचा १९३० हे क्रमांक त्यानंतरच उपयोगी पडतात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच एआयची ओळख करून देण्याचे जाहीर केले आहे. पुस्तके येतील, प्रशिक्षणे होतील. माझी मागणी त्यातल्या एका गोष्टीपुरती आहे. प्रत्येक प्रकल्पामागे शिक्षकाला मुलाशी पाच मिनिटे बोलता आले पाहिजे: हे तू कुठून घेतलेस, यातले काय तपासलेस, तुझे स्वतःचे काय. साठ मुलांच्या वर्गात हे पाच तास होतात. शिक्षकाने ते घरच्या वेळातून काढावेत अशी अपेक्षा ठेवली तर ते कधीच होणार नाही. ते वेळापत्रकात लेखी आदेशाने यावेत, आणि त्यासाठी अशैक्षणिक कामांच्या यादीतली तेवढी कामे कमी व्हावीत.