निशाणा आणि शेजारी

शास्त्रपाठ : शास्ते 20:12–16, योना 4:5–11



बेल्लमपल्ली हे कोळशाचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून मंचिर्याल जिल्ह्यात आहे. बल्लारपूरहून काझीपेठेकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर ते लागते. सिंगरेणीच्या भूमिगत खाणींत येथल्या कित्येक घराण्यांची हयात गेली. अशा खाणीत कोळसा फोडण्यास सुरुंग लावतात, आणि तो उडवणाऱ्या माणसाला शॉटफायरर म्हणतात. कोळशाला भोके पाडून झालेली असतात, दारू भरलेली असते, तारा जोडलेल्या असतात. आता कळ दाबणे एवढेच उरलेले असते. पण तो लगेच दाबत नाही. त्या जागी येणाऱ्या प्रत्येक वाटेवर तो आधी माणूस उभा करतो, सर्वांना आडोशाला घालवतो, मोठ्याने इशारा देतो. खाणीचा नियमच तसा आहे. कोळसा किती पडला याचा हिशेब नंतर होतो. पलीकडे कोणी आहे काय, हे आधी पाहिले जाते.

आता अशाच एखाद्या गावातील मुलाच्या हातातला मोबाइल पाहा. तो घरात खाटेवर बसलेला असतो, पण मनाने लढाऊ विमानात असतो. समोरच्या विमानाभोवती एक चौकोन फिरतो. विमान त्या चौकोनात धरून ठेवले की त्याचा रंग पालटतो आणि सलग शिट्टी वाजू लागते. मुलगा बोट दाबतो, क्षेपणास्त्र सुटते, आगीचा लोळ दिसतो आणि कोपऱ्यातील आकडा वाढतो. आकडे साठले की नवे विमान मिळते, अधिक दूर मारणारे अस्त्र मिळते, तारा मिळतो, पदक मिळते. त्या अस्त्राने पुढची पदके लवकर मिळतात. मुलगा जेवायला का उठत नाही, हे आईने यावरून समजून घ्यावे.

हे खेळ परदेशीच असतात असे नव्हे. आपल्या हवाई दलाने 2014 साली ‘गार्डियन्स ऑफ द स्काइज’ आणि 2019 च्या जुलैअखेरीस ‘अ कट अबव्ह’ या नावाने असे खेळ काढले. तरुणांना वैमानिक होण्याची ओढ लागावी हा त्यांतील हेतू होता. हेतू वाईट नव्हता. देशाच्या रक्षणासाठी माणसे लागतात, आणि ख्रिस्ती घरांतूनही मुले सैन्यात गेलेली आहेत. तेव्हा असा प्रत्येक खेळ सैतानाचा आहे असे व्यासपीठावरून ओरडून सांगणाऱ्यांत मी नाही. या यंत्रांची वंशावळही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने 1929 साली ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारे एक लुटुपुटीचे विमान तयार केले. आपल्या पायपेटीला हवा पुरवणारा भाता असतो, तशाच जातीचे ते भाते. आरंभी ते करमणुकीच्या बागांत जाऊन बसले. मग 1934 साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत सापडून एकामागून एक मेले, तेव्हा सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली. ढगांत काही दिसत नसता केवळ काट्यांकडे पाहून विमान कसे चालवावे, हे त्यांच्यावर शिकवता येत असे. उपासनेतील वाद्याच्या भात्याने किती जीव राखले असतील!

मग आक्षेप कशाला? पवित्र शास्त्रात नेमबाजीची एक जागा आहे, तिच्याकडे चला. बन्यामीन वंशात 700 डावखुरे पुरुष होते. त्यांची गोफण इतकी अचूक की केसावर नेम धरला तरी चुकायची नाही. दाविदाच्या गोफणीची गोष्ट मुलांना पाठ असते. या 700 जणांची कोणी सांगत नाही, आणि त्याला कारण आहे. ते कोणत्या बाजूने उभे होते? गिबा येथील नीच लोकांनी एका स्त्रीचा छळ करून तिचा प्राण घेतला होता. इस्राएलाने अपराधी मागितले, बन्यामिनाने ते दिले नाहीत, आणि त्या अपराध्यांच्या रक्षणासाठी हे नामी नेमबाज रणात उतरले. मूळ इब्री भाषेत त्यांचा नेम ‘चुकत नसे’ असे सांगताना जे क्रियापद आले आहे, तेच शास्त्रात इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येते. गोफणीचा दगड जागच्या जागी लागत होता आणि माणूस मात्र सपशेल चुकला होता.

त्यांच्या बाजूचे आकडेही वाढले. पहिल्या दिवशी इस्राएलाचे 22,000 पडले, दुसऱ्या दिवशी 18,000. तिसऱ्या दिवशी डाव उलटला, आणि शेवटी बन्यामिनाचे 600 पुरुष रिम्मोन खडकावर जीव मुठीत धरून राहिले.

नेम धरण्याचे कौशल्य हे पाप नव्हे. परंतु जे बक्षीस केवळ नेम लागला म्हणून मिळते, कोणाला लागला हे विचारीत नाही, ते हळूहळू आपल्यालाही न विचारण्याची सवय लावते. खऱ्या वैमानिकाला समोरचे विमान कोणाचे आहे हे ओळखावे लागते, वरिष्ठांच्या आज्ञेत राहावे लागते. पुष्कळ खेळांत हे सारे गाळलेले असते. चौकोनात नाव नसते, तोंड नसते. पडलेल्या विमानातील वैमानिकाची आई तर नसतेच. खेळात हे क्षम्य म्हणू. पण शाळेतल्या भांडणात, मंडळीच्या निवडणुकीत, भाऊबंदकीच्या दाव्यात आपण मोठी माणसे तरी दुसरे काय करतो? समोरचा भाऊ चौकोनात धरला, शब्द सुटला, जमलेले हसले, गुण मिळाले.

विमानातूनही शेजारी दिसू शकतो, याचा दाखला देतो. ब्रिटिश हवाई दलातील लेनर्ड चेशर हा लक्ष्याच्या अगदी जवळ, अत्यंत कमी उंचीवर जाऊन खूण टाकण्यात निष्णात होता. मागून येणारी विमाने त्या खुणेवर बॉम्ब टाकीत. फेब्रुवारी 1944 मध्ये फ्रान्समधील लिमोज येथील विमानाच्या इंजिनांचा कारखाना त्याला नेमून दिला होता. कारखाना जर्मनांच्या कामी येत होता, पण रात्रपाळीला फ्रेंच स्त्रिया होत्या. खूण टाकण्याआधी चेशरने कारखान्याच्या छपरावरून आपले विमान पुन्हा पुन्हा खाली नेले, कामगारांनी समजून बाहेर पळावे म्हणून. शत्रूच्या प्रदेशात अशी प्रत्येक फेरी म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. बाया बाहेर पडल्या, आणि मग त्याने खूण टाकली. तीही चुकली नाही. आमच्या शॉटफायररने त्याला सहज ओळखले असते.

त्याच वर्षी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या राज्यात याहून मोठे शौर्यपदक नव्हते. पुढे 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवरील अणुबॉम्ब त्याने विमानातून निरीक्षक म्हणून पाहिला. 1948 साली एका मरणोन्मुख, निराधार माणसाला त्याने घरी आणले आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून अपंग व दुर्धर आजारी लोकांसाठी चेशर होम्स उभी राहिली. भारतातील पहिले 1956 साली मुंबईत अंधेरीला निघाले. तो रोमन कॅथलिक झाला होता, आपल्या मंडळीचा नव्हे. पण पदक पेटीत ठेवून रोग्याचे भांडे उचलणारा माणूस कोणत्या मंडळीचा, हे फार विचारू नये.

योनाची कथा येथे आठवते. तो नगराबाहेर मांडव घालून बसला होता, निनवेचे काय होते ते पाहायला. जणू तिकीट काढून बसला होता. देवालाही ते नगर वरूनच दिसत होते. त्याला काय दिसले? उजवा हात कोणता, डावा कोणता हे न कळणारे एक लाख वीस हजारांहून अधिक जीव, आणि पुष्कळ गुरेढोरे. गुरेसुद्धा! 

बक्षिसाची ओढ मात्र मुलांतून काढून टाकू नका. पौलाने काढली नाही. करिंथच्या जवळच स्पर्धा भरत, विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, तो कोमेजे. पौलाने तोच दाखला घेतला आणि न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावा असे सांगितले. मोबाइलातील पदके पानांहूनही नाजूक आहेत. खेळ चालवणाऱ्या कंपनीने तो बंद केला की सारा खजिना एका रात्रीत नाहीसा होतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांचे मोबाइल हिसकावू नका. एखाद्या रविवारी त्यांनाच तो खेळ समजावून सांगू द्या. किती गुण मिळाले विचारा, मग त्या विमानात कोण होते तेही विचारा, आणि उत्तराची वाट पाहा. त्यानंतर 700 नेमबाजांची गोष्ट सांगा. ती विसाव्या अध्यायाशी थांबवू नका. जिंकलेले इस्राएल लोक बेथेलास येऊन संध्याकाळपर्यंत देवासमोर बसले, मोठ्याने रडले, आणि आपल्यातला एक वंश आज का उणा झाला, असे विचारू लागले. हे एकविसाव्या अध्यायात दुसऱ्या व तिसऱ्या वचनात आहे. ती दोन वचने वर्गातील सर्वांत चांगला नेमबाज असेल त्याच्याकडून वाचून घ्या.