मुलांस वाचनाची गोडी



शिवलीलामृताचा अकरावा अध्याय आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नित्य वाचला जातो. त्यातील राजपुत्र सुधर्म व प्रधानपुत्र तारक ही बालके रत्नालंकार टाकून देतात आणि भस्म-रुद्राक्षांत रमतात. भद्रसेन राजास नवल वाटते. ही आवड यांना लावली कोणी? तेव्हा पराशर ऋषी सांगतात की, पूर्वजन्मी हे दोघे महानंदेच्या घरचे मर्कट व कुक्कुट होते. तिच्याकडे शिवकीर्तन व पुराणश्रवण नित्य चाले. त्या मुक्या जीवांना अर्थ तो काय कळणार! परंतु ते तेथे होते, आणि ऐकत होते.

मुलांस वाचनाची गोडी कशी लावावी असे कोणी विचारले म्हणजे आम्हांस ही कथा आठवते. ‘वाच, वाच’ म्हणून दटावल्याने गोडी लागत नाही. घरात जे रोज कानी पडते, त्याची लागते.

भरवेलीत तर याची निकड अधिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. मुले हिंदीतून शिकतात, त्यात वावगे काहीच नाही. उलट लिपी एकच, म्हणून मराठी पोथी त्यांना बंद नाही. अडते ते ‘ळ’पाशी.

गेल्या श्रावणात एका सोमवारी आम्ही नऊ वर्षांच्या एका मुलास मंदिरात पोथी वाचावयास बसविले. ‘ळ’च्या जागी तो ‘ल’ वाचू लागला. सभामंडपात हशा पिकला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. पुढल्या सोमवारी तो आला नाही. आम्हांस त्या ओव्या बाळपणापासून वडिलांच्या मुखी ऐकून अवगत. त्याने त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. कानाला अनोळखी शब्द डोळ्यांनी ओळखावा कसा?

दसऱ्यास आपण पुस्तकांवर हळदकुंकू वाहतो, आणि मुलाने हात लावला की ‘फाटेल, मळेल’ म्हणून ती उंच फळीवर ठेवतो. पुजाऱ्यांच्या घरी तर हे अंमळ जास्तच! मळले तर मळो.

खाणीतील पाळी करून आलेले वडील थकलेले असतात, हे आम्ही जाणतो. सबंध अध्याय नको. दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात. नाही तर ‘श्यामची आई’ घ्यावी. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो व मित्र ऐकतात, म्हणून ती ऐकावयास फार गोड लागते. आजीला अक्षरओळख नसली तरी ओव्या पाठ असतात. नातवाने वाचावे, तिने उच्चार सुधारावा.

परवा आम्ही त्या मुलाच्या घरी पोथी घेऊन गेलो. त्यास वाचावयास सांगितले नाही. आम्हीच अकरावा अध्याय वाचीत बसलो. तो ओसरीवर गोट्या खेळत होता. महानंदेच्या घरास आग लागते तो प्रसंग आला, आणि आम्ही पाणी पिण्यास क्षणभर थांबलो. गोट्यांचा आवाज बंद झाला होता. दारातून त्याने विचारले, “मग त्या कोंबड्याचं काय झालं?”