पदराला लागलेला हात

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-३४



गेल्या वर्षापासून मुलाच्या नोकरीनिमित्त माझे वास्तव्य मानेसर येथे आहे. मोटारींच्या कारखान्यांचे हे गाव दिल्ली-जयपूर महामार्गावर वसलेले असून मेट्रोचे रूळ अद्याप येथवर आलेले नाहीत. दिल्लीस जायचे म्हणजे आधी रस्त्याने गुरुग्रामचे शेवटचे स्थानक गाठावे लागते. मेट्रोचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. सकाळच्या वेळी त्या डब्यात उभी राहिले आणि चोहोंकडून खांदे भिडू लागले, की माझे मन दिल्लीत राहत नाही. ते डोंबिवलीच्या फलाटावर जाऊन उभे राहते. तेथून मुंबईला मी बावीस वर्षे लोकलने जात होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली, तेव्हा तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० प्रवासी होते. आज ऐन गर्दीच्या वेळी लोकलच्या एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात. या अवस्थेला रेल्वेच्या दप्तरी स्वतंत्र संज्ञाच आहे. चिरडून टाकणारी अतिदाट गर्दी, असा तिचा अर्थ. हा केवळ शब्दालंकार नव्हे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही घरी परतलेच नाहीत.

या गर्दीने एक गोष्ट मात्र साधली, असे आपण अभिमानाने म्हणतो. तिने शिवाशिव मोडली. ज्याला ओसरीवर घेतले नसते, त्याच्या खांद्यावर मान टाकून माणूस कल्याणपर्यंत झोपतो. हे खरे आहे. परंतु शिवाशिव मोडली म्हणजे जवळीक झाली, असे नाही. हे मला कोणी शिकवले, ते सांगण्यासाठीच आज ही लेखणी हाती घेतली आहे.

२००४ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या डब्यात नेहमीच्या आठ-दहा जणी होत्या. भाजी निवडणे, वाढदिवसाचा पेढा, श्रावणातले हळदीकुंकू, नाताळात माझ्या घरच्या करंज्या, सारे काही तेथेच. कोण कोठे उतरणार, तिची जागा कोणाला द्यायची, हेही ठरलेले. त्या दिवशी ठाण्याला एक अनोळखी बाई कशीबशी आत आली व माझ्या मागे उभी राहिली. घाटकोपरच्या आसपास माझा पदर मागून ओढला गेला. गर्दीत पदर ओढला जातोच. मी तो हिसका देऊन सोडवला आणि कमरेला खोचला. कुर्ल्यानंतर पुन्हा ओढला गेला. या वेळी मी मागे न पाहताच म्हणाले, "जरा नीट उभ्या राहा ना!"

दादरला मागे गलका झाला. ती बाई खाली बसली होती. दोघींनी तिला धरून फलाटावरच्या बाकावर नेले. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत इस्पितळाची फाइल होती; ती परळला तपासणीसाठी चालली होती. गाडी सुटली. माझ्या शेजारची मुलगी हलकेच म्हणाली, "मावशी, त्यांनी दोनदा तुमचा पदर धरला होता. पडू नये म्हणून."

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. तिचे नाव मला ठाऊक नाही. तिचे पुढे काय झाले, तेही ठाऊक नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी भाषांतराच्या कामात मार्काचा पाचवा अध्याय माझ्यापुढे आला. मूळ ग्रीक शब्दांपाशी मी अडखळले. समुदाय येशूभोवती दाटी करीत होता, असे सांगताना मार्क 'थ्लिबो' या धातूपासून झालेले क्रियापद वापरतो. त्याचा अर्थ दाबणे, चेंगरणे. याच धातूपासून 'थ्लिप्सिस' हा शब्द झाला, ज्याचे भाषांतर आपण 'क्लेश' किंवा 'संकट' असे करतो. लूक तर याच प्रसंगी गुदमरवून टाकणे या अर्थाचे क्रियापद योजतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात काटेरी झुडपे कोवळ्या रोपाला जे करतात, तेही तो त्याच धातूपासून झालेल्या क्रियापदाने सांगतो. म्हणजे आपल्या प्रभूला गर्दीचा क्लेश ठाऊक होता. गर्दीत श्वास कोंडणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

परंतु त्या स्त्रीच्या कृतीसाठी मार्क निराळे क्रियापद घेतो, ज्यात हात लावणे व धरणे या दोन्ही छटा आहेत. शिष्यांच्या उत्तरात हे दोन्ही शब्द समोरासमोर येतात. एवढा समुदाय चेंगरीत असताना स्पर्श कोणी केला हे काय विचारायचे, असा त्यांचा रोख आहे. शिष्यांना दोहोंत भेद दिसला नाही. मलाही दिसला नव्हता. येशूला मात्र शेकडो धक्क्यांमधून एक हात ओळखू आला.

वाचकहो, ती वेळ कोणती होती, हेही ध्यानात घ्या. सभास्थानाचा अधिकारी याईर सोबत होता. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणोन्मुख होती. एकेक क्षण मोलाचा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडी चुकत होती. आणि जिच्यासाठी येशू थांबला, ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध, मागून आलेली, निनावी बाई! समुदायात येणे हाच तिचा अपराध होता. तरी तो थांबला. तो वळला. पुढचे क्रियापद अपूर्ण भूतकाळात आहे : तो सभोवार पाहत राहिला. एकदा दृष्टी टाकून पुढे गेला, असे नव्हे.

बरे तर ती आधीच झाली होती. मग तिला समोर बोलावण्याचे कारण काय? कारण ती केवळ आजारातून सुटावी एवढेच त्याला नको होते. गर्दीत हरवलेली बाई त्याला नात्यात आणायची होती. त्याने तिला कन्या म्हटले. शुभवर्तमानांत एखाद्या स्त्रीला त्याने हे संबोधन दिल्याची नोंद या एकाच प्रसंगी आहे. याईराला एक कन्या होती; त्या दिवशी भर रस्त्यात येशूलाही एक लाभली.

आपल्या मंडळ्यांचा विचार करा. नाताळच्या उपासनेत बसायला जागा नसते. आपली नेहमीची बाके ठरलेली, नेहमीची माणसे ठरलेली. दाराशी उभी असलेली ती विधवा, कामासाठी परगावाहून आलेला तो तरुण, कोणत्या तरी आशेने आपल्या पदराला हात लावतात, आणि आपण पदर खोचून घेतो. आपण वाईट नसतो. आपण घाईत असतो. आणि बाहेर चेंगराचेंगरी सोसत जगणाऱ्याला आपल्या घोळक्यातही तीच चेंगराचेंगरी भेटते.

२५ डिसेंबर २०१७ रोजी, नाताळच्याच दिवशी, मुंबईत आपोआप दारे मिटणारी पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. माणसे पडू नयेत म्हणून अशा गाड्या वाढाव्यात, गर्दीही कमी व्हावी. हे मागणे नागरिक म्हणून आपले कर्तव्यच आहे. परंतु मागे वळून पाहण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. त्याला अंतःकरण लागते, आणि ते प्रभूच देतो.

मागच्या महिन्यात मेट्रोत माझ्या खांद्याला मागून हात लागला. मी वळले. कारखान्याचे ओळखपत्र गळ्यात घातलेली एक मुलगी होती. ही गाडी राजीव चौकाला जाते ना, एवढेच तिला विचारायचे होते. मी हो म्हटले, तिचे नाव विचारले आणि तिला शेजारी उभे राहायला जागा केली.

त्या पावसाळ्यातील ऋण याने फिटले, असे मी म्हणत नाही. ते फिटणारे नाही. त्याची केवळ क्षमा आहे, आणि ती मी रोज मागते. प्रिय वाचका, उद्या तूही कोणत्या तरी गर्दीत असशील. तुझ्या पदराला, बाहीला, खांद्याला एखादा हात लागेल. तो धक्का आहे असे ठरवण्यापूर्वी एकदा वळून पाहा.

हे प्रभो, समुदायात तू आम्हांला ओळखलेस. आम्हांलाही ओळखणारी दृष्टी दे. आमेन.