शेंग जाळावी का?

पारनेरच्या आमच्या बांधावरची बाभूळ गेल्या उन्हाळ्यात गेली. वाटणीत बांध धाकट्या काकांकडे आला होता. त्यांनी ती सरपणाला दिली. त्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. पण खुरपणीच्या दिवसांत आई तिच्याखाली बसून भाकरी खायची. मी गेले तेव्हा खाली एक मोडकी शेंग पडली होती, चार मण्यांची.

बाभळीची शेंग म्हणजे ओवलेली माळच. दोन मण्यांमध्ये बारीक कंबर, वर करडी लव. आईसाठी तिची चांदीची अंगठी करायची ठरवलं: वर चार मणी, खाली साधं वळं.

नगरच्या सराफ बाजारात ज्यांच्याकडे मी ओतकाम शिकते ते मामा म्हणाले, "मेण कशाला कोरतेस? शेंगच प्लास्टरमध्ये घाल. भट्टीत जळेल, पोकळी राहील, तीत चांदी ओत. लवसुद्धा उमटेल." खरंच आहे. पान, काटकी, मेलेला किडा, जळून जाईल असं काहीही या रीतीनं ओतता येतं.

पण मण्यांत चार बिया होत्या. बिया काढायला शेंग फोडली की आकार जातो. म्हणजे झाडाची आठवण टिकवायची तर त्याचं जिवंत उरलेलं तेवढंच जाळायचं. शेळीनं खाल्ली असती तरी बरं, लेंडीतून पडलेलं बी उगवतं तरी.

प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. सगळं मिळून ६० किलोंहून जास्त. हेही मेण घालवूनच ओतलेलं काम मानतात. त्या कारागिरानं गेंडा आठवून मेणात घडवला असणार. आगीत गेलं ते त्याचं स्वतःचं मेण, गेंडा नव्हे.

मी हे सांगितल्यावर मामा हसले. "तुझ्या हातची शेंग ही तुझी कल्पना असेल. आईला बाभूळ हवीय की तुझी कल्पना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी मेणच कोरलं. मेणाच्या वजनाच्या साधारण साडेदहा पट चांदी लागते, ९२५ची घेतली. पहिल्या ओतीत एक मणी अर्धाच भरला. दुसरी जमली. लव मात्र आली नाही, आणि तिसरा मणी जाड झाला.

आईनं अंगठी घातली, अंगठा फिरवून पाहिला. म्हणाली, "हा दाणा किडका होता काय गं?"

बिया कडक पाण्यात रात्रभर भिजवून पिशवीत लावल्या. दोन उगवल्या, वीतभर झाल्यात. पावसाळ्यात त्या बांधावर लावू का, असं काकांना विचारलंय. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.