पश्चात्ताप कोणापुढें बोलावा?

मनुष्यास आपल्या अपराधाबद्दल मनापासून वाईट वाटलें, म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें काय? कीं ज्याचा अपराध केला त्याच्या दारीं जाऊन तें बोलून दाखविल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाहीं? हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. भाऊबंदकी, बांधाचे तंटे, घेण्यादेण्याचे वाद ह्यांत तो गांवोगांवीं उभा राहतो. आज आम्ही त्याचा विचार आपल्या देशाच्या प्राचीन इतिहासांतील एका थोर राजाच्या उदाहरणावरून करूं इच्छितों. कारण थोरांच्या वागणुकींत जी गोष्ट मोठ्या अक्षरांनीं लिहिलेली दिसते, तीच आपल्या वागणुकींत बारीक अक्षरांनीं लिहिलेली असते.

मौर्य वंशांतील सम्राट अशोक ह्याचें नांव शाळेंत जाणाऱ्या मुलांसही ठाऊक आहे. राज्याभिषेकास आठ वर्षें झालीं असतां, म्हणजे इ. स. पू. २६१ च्या सुमारास, त्यानें पूर्वकिनाऱ्यावरील कलिंग देश लढून जिंकला. हा देश म्हणजे मुख्यतः आजच्या ओडिशाचा समुद्रालगतचा मुलूख होय. त्या युद्धांत काय झालें हें आपणांस शत्रूच्या तोंडून कळत नाहीं, तर जिंकणाऱ्या राजाच्याच तोंडून कळतें. त्यानें तें खडकावर कोरून ठेविलें. कालांतरानें ती लिपि लोक विसरले. इ. स. १८३७ मध्यें जेम्स प्रिन्सेप ह्या विद्वानानें तिचा उलगडा केला, तेव्हां शेंकडों वर्षें मुके असलेले खडक पुन्हां बोलूं लागले.

ह्या लेखांपैकीं तेराव्या लेखांत राजानें आपला हिशेब मांडिला आहे. दीड लक्ष माणसें धरून देशांतून नेण्यांत आलीं, एक लक्ष ठार झालीं आणि त्याहून कितीतरी पट मरण पावलीं, असें तो स्वतः सांगतो. पुढें तो म्हणतो कीं, ह्या गोष्टीचें आपणांस फार दुःख होतें. त्या देशांत ब्राह्मण व श्रमण राहत होते. आईबापांचें ऐकणारे, मित्रांशीं व चाकरांशीं नीट वागणारे गृहस्थ राहत होते. त्यांच्यावर ही आपत्ति आली. जे स्वतः वांचले त्यांसही आपल्या स्नेह्यासोबत्यांच्या हालांमुळें दुःख झालें. इतक्या लोकांचा शंभरावा किंवा हजारावा अंश जरी आज असा पीडिला गेला, तरी तें आपणांस जड वाटेल, असा त्याचा आशय आहे. शस्त्राच्या विजयापेक्षां धर्माचा विजय श्रेष्ठ होय, आणि आपल्या मुलानातवांनीं नव्या विजयाची हांव धरूं नये, असेंही तो सांगतो.

प्राचीन काळच्या राजांनीं कोरविलेले लेख बहुधा त्यांच्या पराक्रमाचे असतात. किती गांवें जाळलीं, किती राजांस पायांशीं लोळविलें, ह्याचीच त्यांत मोजदाद असते. अशा काळीं एका चक्रवर्ती राजानें आपल्या विजयाची गणती आपल्याच दोषाच्या सदरीं मांडावी, ही गोष्ट लहान नव्हे. तिला आम्ही मनःपूर्वक मान देतों, आणि तो मान राखूनच पुढील विचार करितों.

हा तेरावा लेख कोठें कोठें आढळला आहे तें पहा. सौराष्ट्रांत गिरनारच्या पायथ्याशीं तो आहे. हिमालयाच्या तोंडाशीं काल्सी येथें आहे. हल्लींच्या पाकिस्तानांतील शाहबाजगढी व मानसेहरा येथें आहे. आंध्र प्रदेशांत एर्रगुडी येथें आहे. अफगाणिस्तानांतील कंदाहार येथें तर त्याचा कांहीं भाग ग्रीक भाषेंत सांपडला असून, माणसांचे ते आंकडे त्यांतही आहेत. आपल्या महाराष्ट्रांतही, वसईजवळच्या सोपारा बंदरीं, ह्याच लेखमालेपैकीं आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस सांपडला, व नवव्याचा तुकडा १९५६ मध्यें मिळाला.

आतां ज्या देशावर हें संकट कोसळलें त्या देशांत जाऊन पाहूं. भुवनेश्वराजवळ दया नदीच्या कांठीं धौलीचा खडक आहे, आणि गंजाम जिल्ह्यांत जौगडचा आहे. दोन्ही ठिकाणीं अशोकाचे लेख आहेत. पहिले दहा लेख आहेत, चौदावाही आहे. मात्र अकरावा, बारावा व तेरावा हे तीन तेथें नाहींत. कलिंगाबद्दलचें दुःख कंदाहारच्या ग्रीकास त्याच्या भाषेंत वाचावयास मिळालें. पण ज्याचा बाप त्या लढाईंत मेला, किंवा ज्याचा भाऊ बांधून नेला, त्या कलिंगवासीयाच्या खडकावर तें कोरलेलें नाहीं.

त्या जागीं तेथें दुसरे दोन लेख आहेत. त्यांत राजा आपल्या अधिकाऱ्यांस बजावतो कीं, सर्व माणसें मला माझ्या लेंकरांसारखीं आहेत. कोणासही विनाकारण बंदींत घालूं नये, विनाकारण छळूं नये. राग, मत्सर, उतावळेपणा, आळस व थकवा ह्यांच्या पायीं न्याय बिघडतो, म्हणून अधिकाऱ्यांनीं त्यांस जवळ येऊं देऊं नये. दर पांच वर्षांनीं सौम्य स्वभावाचा अधिकारी फेरीस पाठवून हें नीट चाललें आहे कीं नाहीं तें पाहावें. सरहद्दीवरच्या, न जिंकलेल्या लोकांनीं आपल्याला भिऊं नये. आपल्याकडून त्यांस सुख मिळेल, दुःख मिळणार नाहीं, असेंही तो कळवितो.

कोणी म्हणेल कीं, ह्याहून अधिक काय पाहिजे? जखमेवरची खपली काढून काय लाभ? कलिंगाच्या लोकांनीं तो संहार डोळ्यांनीं पाहिला होता. त्यांस आंकडे सांगण्याचें प्रयोजन काय? त्यांस न्यायाचा कारभार दिला, हीच खरी क्षमायाचना होय. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. गोड शब्द बोलून जाच चालू ठेवणाऱ्यापेक्षां, न बोलतां जाच कमी करणारा बरा, हें आम्हांसही मान्य आहे.

तरीपण एक गोष्ट राहते. ज्याला घाव बसला त्याला घाव ठाऊक असतो. परंतु घाव घालणारा त्यास पाप समजतो कीं पराक्रम समजतो, हें त्यास ठाऊक नसतें. तें सांगण्याचा अधिकार घाव घालणाऱ्यासच आहे, आणि तेवढेंच एक औषध दुसऱ्या कोणास देतां येत नाहीं. अधिकाऱ्यांनीं नीट वागावें अशी आज्ञा हें राजाचें औदार्य झालें. औदार्य घेणारा खालीं राहतो व देणारा वर राहतो. आपण चुकलों असें म्हणणारा मात्र क्षणभर तरी खालीं उतरतो.

तेथें तो लेख कां कोरला नाहीं ह्याचें कारण खडक सांगत नाहीं, व आम्हीही राजाच्या मनांतला हेतु ठरवूं इच्छीत नाहीं. परंतु आपल्या मनांतला हेतु आपणांस ओळखतां येतो. दूर उभें राहून अपराध कबूल केला तर ऐकणारे वाहवा करितात. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढें कबूल केला तर तो विचारतो, ‘मग माझें मला परत केव्हां देणार?’ ह्या प्रश्नाची भीति मोठी असते. अशोकानें कलिंग परत दिलें नाहीं. दीड लक्ष माणसें नेलीं असें तो लिहितो. त्यांस घरीं परत पाठविल्याचें लिहीत नाहीं. आणि ज्या लेखांत इतका शोक आहे त्याच लेखांत रानांतल्या लोकांस असा इशाराही आहे कीं, राजास पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातीं बळ आहे. त्यांनीं सुधारावें, नाहीं तर प्राणास मुकतील. राज्य चालविणाऱ्यास कदाचित हें टाळतां येत नसेल. पण तरवार हातांत तशीच धरून केलेला शोक समोरच्यास अर्धाच ऐकूं येतो.

जें गेलें त्याची आठवण लोक किती दिवस ठेवितात ह्याचा दाखलाही त्याच मुलखांत आहे. धौलीपासून जवळच उदयगिरीच्या टेकडींत हाथीगुंफा आहे. तेथें कलिंगाचा जैनधर्मी राजा खारवेल ह्याचा सतरा ओळींचा लेख आहे. तो अशोकानंतर बऱ्याच काळानें, बहुधा इ. स. पू. पहिल्या शतकांत झाला. नंद राजानें पूर्वीं नेलेली जिनाची मूर्ति आपण मगधावर स्वारी करून परत आणली, असें तो अभिमानानें सांगतो. नंद तर अशोकाच्याही आधींचे. म्हणजे नेणाऱ्यांचें राज्य बुडालें, मागाहून आलेलें मौर्यांचें राज्यही बुडालें, पण आमची वस्तु अमक्यानें नेली ही आठवण बुडाली नाहीं. आणि ती वस्तु परत आली ती कोणाच्या पश्चात्तापानें आली नाहीं, सैन्याच्या जोरावर आली. न फेडलेलें देणें पुढच्या पिढ्या वसूल करूं लागतात, तेव्हां त्या व्याजासुद्धां वसूल करितात.

हें सर्व लिहिण्यांत अशोकास कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या युगांत इतर राजे मारलेल्यांची संख्या मिरवीत, त्या युगांत तो ती सांगून रडला. आम्हां सामान्य माणसांपाशीं तर त्याच्यासारखी सबबही नाहीं. आम्हांस साम्राज्य राखावयाचें नाहीं. राखावयाची असते ती थोडीशी अब्रू. एखादा शेतकरी शेजाऱ्याचा बांध कोरून चार तासें आपल्या शेतांत ओढतो. पुढें त्याचें मन त्यास खातें. तो तीन कोसांवरच्या बाजारांत ओळखीच्या माणसांपाशीं म्हणतो, ‘माझ्या हातून वाईट झालें.’ ते त्याच्या मोठ्या मनाची तारीफ करितात. इकडे शेजाऱ्यास कोणी कांहीं सांगत नाहीं, आणि त्या चार तासांतली जोंधळ्याची कणसें दरसाल ह्याच्याच खळ्यावर येतात. ह्या माणसाचें दुःख खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें चुकीच्या ठिकाणीं बोललें गेलें, एवढेंच म्हणतों.

मेलेलें माणूस परत देतां येत नाहीं, व गेलेला काळही देतां येत नाहीं. पण बांध मागें सरकवितां येतो, खोटा कागद फाडतां येतो, आणि तुटलेल्या भावाच्या उंबऱ्यावर जाऊन आपण चुकलों एवढें म्हणतां येतें. तो क्षमा करील कीं दार लावून घेईल हें त्याच्या हातीं आहे. आपल्या हातीं जाणें आहे. बाजारांत सांगावयाचें तें मागाहून सांगावें. आधीं बांधावर जावें.